रोनाल्ड कूमन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेस्सीच्या बार्सिलोनातल्या शेवटच्या हंगामात बाकावर गंभीर चेहऱ्याने बसलेला मॅनेजर, एवढीच रोनाल्ड कूमनची ओळख आपल्याकडच्या बऱ्याच फुटबॉलप्रेमींना आहे. त्याच्या खेळाडूपणीच्या गोष्टी जुन्या प्रेक्षकांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कानावर येतात, आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

कूमन कोण? दोन वाक्यांत सांगा.

२१ मार्च १९६३ रोजी नेदरलँड्समधल्या झानडाम इथे जन्मलेला बचावपटू. लीग सामन्यांत त्याने १९३ गोल केले, क्लब आणि देश दोन्हीकडून युरोप जिंकला, आणि निवृत्तीनंतर आयाक्स, पीएसव्ही, फेयेनूर्ड, बार्सिलोना आणि नेदरलँड्सचा राष्ट्रीय संघ सांभाळला.

घरात फुटबॉल होता का?

घरभर होता. वडील मार्टिन कूमन ग्रोनिंगनमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायचे आणि नेदरलँड्सकडूनही एक सामना खेळले होते. थोरला भाऊ एर्विन हा मिडफिल्डर. रोनाल्डने १९८० मध्ये, सतराव्या वर्षी, एफसी ग्रोनिंगनकडून पदार्पण केलं. तिथल्या तीन हंगामांत त्याने लीगमध्ये ३३ गोल मारले. बचावात खेळणाऱ्या विशीच्या आतबाहेरच्या पोरासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

दोघा भावांचं १९८८ साल मला फार आवडतं. ११ मे रोजी एर्विनच्या मेखेलन या बेल्जियन क्लबने आयाक्सला हरवून कप विनर्स कप जिंकला. २५ मे रोजी रोनाल्डच्या पीएसव्हीने युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला. आणि २५ जून रोजी म्युनिकमध्ये दोघे भाऊ नेदरलँड्सच्या एकाच संघात युरो चषकाची अंतिम लढत जिंकले. दीड महिन्याच्या आत एका घरात तीन युरोपियन विजेतेपदं आली. ती वडिलांनी कशी साजरी केली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

बचावपटू असून इतके गोल कसे?

पहिलं उत्तर सगळे देतात: फ्री किक आणि पेनल्टी. ते खरं आहे. त्याचा उजवा पाय जबरदस्त होता. आजकालचे फ्री किक घेणारे चेंडू भिंतीवरून वळवून कोपऱ्यात सोडतात. कूमनला तसं वळवता यायचं, पण त्याची आवडती फ्री किक खालून, जमिनीलगत, भिंतीच्या कडेने सुसाट जायची. गोलरक्षकाला ती दिसेपर्यंत जाळं हललेलं असायचं. पेनल्टीला तो थंड डोक्याचा होता, त्यामुळे तो ज्या संघात गेला तिथे ती जबाबदारी आपोआप त्याच्याकडे आली.

दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. तो मुळात नुसता अडवणारा खेळाडू नव्हताच. वेग बेताचा, टॅकल ठीकठाक. तिशीत तर त्याला पळून मागे टाकणं बहुतेक फॉरवर्डना जमायचं. मात्र चेंडू पायाशी आला की साठ यार्डांवरच्या विंगरच्या पुढ्यात तो अचूक टाकायचा. बचावफळीतून चेंडू घेऊन तो मिडफिल्डमध्ये शिरायचा आणि समोर जागा दिसली की तीस यार्डांवरून मारायचा. १९८७-८८ मध्ये पीएसव्हीकडून त्याने लीगमध्ये २१ गोल केले. एवढे गोल करणारा सेंटर फॉरवर्डसुद्धा क्लबने आनंदाने ठेवून घेतला असता. पीएसव्हीच्या तीन हंगामांत मिळून त्याचे लीगमधले गोल ५१ होतात, आणि सामने शंभराच्याही आत.

१९९३-९४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये तर तो ८ गोलांसह संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारा ठरला. तेही बार्सिलोनाच्या संघात रोमारिओ आणि स्टोइचकोव्हसारखे फॉरवर्ड असताना.

आयाक्स सोडून पीएसव्हीला का गेला?

१९८३ ते १९८६ तो आयाक्समध्ये होता. १९८५ मध्ये लीग आणि १९८६ मध्ये डच कप त्याने तिथे जिंकला. शेवटच्या हंगामात प्रशिक्षक होता योहान क्रायफ. त्यानंतर तो थेट प्रतिस्पर्धी पीएसव्हीकडे गेला, आणि ॲमस्टरडॅमच्या चाहत्यांना ते मुळीच रुचलं नाही. फुटबॉलच्या हिशेबाने निर्णय बरोबर ठरला. आइंडहोवनमध्ये त्याला लागोपाठ तीन लीग विजेतेपदं मिळाली आणि १९८८ मध्ये लीग, कप आणि युरोपियन कप अशी तिन्ही जेतेपदं एकाच हंगामात आली.

पीएसव्हीने शेवटचे पाच सामने न जिंकता युरोपियन कप जिंकला, हे खरं का?

अगदी खरं. उपांत्यपूर्व फेरीत बोर्दोविरुद्ध १-१ आणि ०-०, उपांत्य फेरीत रेआल माद्रिदविरुद्ध १-१ आणि ०-०, आणि स्टुटगार्टमधल्या अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध ०-०. दोन्ही वेळा बाहेरच्या मैदानावरच्या गोलाने तारलं (बरोबरी झाली तर असा गोल तेव्हा वरचढ धरायचे) आणि शेवटी पेनल्टी शूटआउटने. पीएसव्हीची पहिली पेनल्टी कूमनने मारली आणि गोल केला. ६-५ असा निकाल लागला, कारण बेन्फिकाच्या वेलोसोची किक हान्स व्हॅन ब्रॉइकेलनने अडवली. संपूर्ण स्पर्धेत पीएसव्हीने फक्त तीन सामने जिंकले होते. त्यामुळे अनेकांना हे जेतेपद कमअस्सल वाटतं. मला ते मान्य नाही. दोन सामन्यांच्या बाद फेरीत घरच्या मैदानावर गोल न खाणं हेही कौशल्यच आहे, आणि समोर बुत्रागेन्योचा रेआल माद्रिद होता.

१९८८ च्या युरोमधला जर्सीचा प्रकार काय होता?

२१ जून १९८८, हॅम्बर्ग. यजमान पश्चिम जर्मनीविरुद्ध उपांत्य सामना. १९७४ च्या विश्वचषकाची अंतिम लढत जर्मनांकडून हरल्याचं शल्य डच मनात चौदा वर्षं होतं आणि त्यामागे महायुद्धात जर्मनीने घेतलेल्या देशाच्या ताब्याच्या आठवणीही होत्या. मॅथॉयसने पेनल्टीवर जर्मनीला आघाडी मिळवून दिली, कूमनने पेनल्टीवरच बरोबरी साधली, आणि अगदी शेवटी व्हॅन बास्टेनने घसरत जाऊन विजयी गोल केला. नेदरलँड्समध्ये त्या रात्री लोक लाखोंनी रस्त्यावर आले.

सामन्यानंतर कूमनने ओलाफ टोनशी जर्सी बदलली आणि डच प्रेक्षकांसमोर त्या जर्सीने पार्श्वभाग पुसल्याचा अभिनय केला. छायाचित्रं जगभर गेली. इतिहासाचं ओझं कितीही असलं तरी समोरच्या खेळाडूने हातात दिलेल्या जर्सीचा असा अपमान करणं वाईटच. कूमनचं कौतुक करणाऱ्यांनी हा प्रसंग गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

चार दिवसांनी म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाला २-० ने हरवून नेदरलँड्सने युरो जिंकला. गोल गुलिट आणि व्हॅन बास्टेनचे. प्रशिक्षक रिनस मिखेल्स. पुरुषांच्या डच संघाचं आजवरचं हे एकमेव मोठं जेतेपद.

वेम्बलीचा गोल एवढा मोठा का मानतात?

कारण बार्सिलोनाचा इतिहास त्या गोलाने दोन भागांत वाटला गेला.

कूमन १९८९ मध्ये पीएसव्हीतून, क्रायफ प्रशिक्षक असलेल्या बार्सिलोनात आला. १९९२ पर्यंत या क्लबने युरोपियन कप एकदाही जिंकला नव्हता. १९६१ मध्ये बर्नला बेन्फिकाकडून हार झाली. १९८६ मध्ये सेव्हियात तर स्टुआ बुखारेस्टविरुद्ध शूटआउटमध्ये चारही पेनल्टी गोलरक्षक डुकाडामने अडवल्या. तिकडे रेआल माद्रिदकडे सहा कप होते. कातालान (बार्सिलोनाच्या प्रांतातल्या) माणसाच्या मनात हे किती खोल रुतलं असेल ते समजायला तिथलं राजकारण फार माहीत असायची गरज नाही.

२० मे १९९२ रोजी जुन्या वेम्बलीवर समोर होता साम्पदोरिया. वियाल्ली, मान्चिनी, आणि गोलमध्ये पाल्युका. बार्सिलोना त्या दिवशी नारिंगी जर्सीत खेळला. वियाल्लीने दोन-तीन सोन्यासारख्या संधी घालवल्या, स्टोइचकोव्हचा एक फटका खांबाला लागला. ०-० वर जादा वेळ सुरू झाला. तोही संपत आलेला असताना, ११२ व्या मिनिटाच्या सुमारास, युसेबिओ पेनल्टी क्षेत्राबाहेर पडला आणि फ्री किक मिळाली. ती द्यायला नको होती असं इटालियन लोक आजही म्हणतात.

पुढचं सगळं आधी ठरलेलं होतं. स्टोइचकोव्हने चेंडू बाजूला सरकवला, बाकेरोने पायाखाली थांबवला, आणि धावत आलेल्या कूमनने मारला. थेट मारण्यापेक्षा चेंडू थोडा सरकवल्यामुळे भिंतीची रचना मोडली आणि कोन उघडला. भिंतीतून पुढे झेपावलेल्या खेळाडूंच्या शेजारून चेंडू जमिनीलगत गेला. पाल्युका पूर्ण लांबला, पण चेंडू हातांना चुकवून आत गेला. क्रायफ बाकावरून उठून जाहिरातींच्या फळ्या ओलांडताना अडखळला, तेही दृश्य लोकांनी जपून ठेवलं आहे. कप घ्यायला वर जाण्याआधी खेळाडूंनी नारिंगी जर्सी बदलून निळी-लाल घातली.

आजचा बार्सिलोना, एकविसाव्या शतकात कप जिंकत सुटलेला क्लब, त्या फटक्यानंतर घडला. त्या सामन्यात मिडफिल्डमध्ये एकवीस वर्षांचा पेप ग्वार्दिओला खेळत होता, हेही लक्षात ठेवावं.

क्रायफच्या संघात कूमनचं काम नेमकं काय होतं?

क्रायफचा बार्सिलोना बहुतेक वेळा मागे तीनच माणसं ठेवून खेळायचा. त्या तिघांत मधोमध कूमन, आणि त्याच्या पुढ्यात ग्वार्दिओला. दोघांनाही धावण्यात फार गती नाही. साध्या हिशेबाने ही आत्महत्याच वाटते. क्रायफचं गणित असं होतं की चेंडू सतत आपल्याकडे असेल तर मागे पळावंच लागत नाही, आणि चेंडू आपल्याकडे राहायचा तर मागे तो उत्तम पुढे देणारा माणूस हवा. कूमन तो माणूस. ग्वार्दिओलाची वाट अडवली की कूमन थेट बाजूच्या विंगरकडे लांब पास टाकायचा. विंगरला अडवलं की मध्ये ग्वार्दिओला मोकळा. आज प्रत्येक मोठ्या क्लबला पायात चेंडू खेळणारा सेंटर बॅक हवा असतो. त्या मागणीची मुळं शोधायला गेलं तर कूमन वाटेत भेटतोच.

परदेशी खेळाडूंची मर्यादा तेव्हा तीनची होती. कूमन, स्टोइचकोव्ह, लाउड्रुप, आणि १९९३ पासून रोमारिओ. चौघांतला एक बाहेर बसणार हे ठरलेलं. १९९४ च्या अथेन्समधल्या अंतिम सामन्यात लाउड्रुप बाहेर राहिला, कूमन खेळला, आणि मिलानने ४-० असं चिरडलं. मागे तीनच माणसं ठेवण्याची किंमत त्या रात्री मोजावी लागली. त्याच वर्षी ८ जानेवारीला रेआल माद्रिदला ५-० ने हरवलं होतं, त्यात कूमनची एक सणसणीत फ्री किक होती.

बार्सिलोनात १९९१ ते १९९४ अशी लागोपाठ चार लीग विजेतेपदं त्याने जिंकली.

इंग्लंडचे जुने प्रेक्षक त्याच्यावर का चिडून असतात?

१३ ऑक्टोबर १९९३, रॉटरडॅम, विश्वचषक पात्रता. ०-० असताना इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट एकटा गोलकडे निघाला होता आणि कूमनने त्याला मागून खेचलं. लाल कार्ड हवं होतं, पंचाने पिवळ्यावर सोडलं. काही मिनिटांनी नेदरलँड्सला फ्री किक मिळाली. पहिला फटका पुढे धावून आलेल्या इंग्लंडच्या इन्सने अडवला, तो वेळेआधी निघाला म्हणून किक पुन्हा घ्यायला लावली. या वेळी कूमनने जोर न लावता भिंतीवरून अलगद चेंडू टाकला आणि गोल. बर्गकॅम्पने दुसरा केला. इंग्लंड १९९४ च्या विश्वचषकाला मुकला आणि मॅनेजर ग्रॅहम टेलरची नोकरी गेली. इंग्लिश माणसाचा राग रास्त आहे: कूमन तेव्हा मैदानावर असायलाच नको होता.

देशाकडून किती खेळला?

१९८३ ते १९९४ दरम्यान ७८ सामने, १४ गोल. शेवटचा सामना १९९४ च्या विश्वचषकात डॅलसला ब्राझीलविरुद्ध, उपांत्यपूर्व फेरीत, ३-२ असा हरलेला. क्लबसाठी १९९५ पासून दोन हंगाम फेयेनूर्डला खेळून १९९७ मध्ये थांबला.

तिन्ही मोठ्या डच क्लबांचा मॅनेजर झालेला तो एकटाच का?

आयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनूर्ड या तिन्हींकडून खेळलेला आणि तिन्हींचा मॅनेजरही झालेला तो एकटाच. या क्लबांमधलं वैर बघता तिन्ही दारं त्याला दोनदा उघडली, यातच त्याची किंमत कळते.

मॅनेजर म्हणून सुरुवात कशी झाली?

१९९८ च्या विश्वचषकात गुस हिडिंकच्या हाताखाली, मग बार्सिलोनात लुई व्हॅन गालचा सहायक म्हणून. २००० मध्ये व्हिटेस या डच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये आयाक्सने बोलावलं. आल्याआल्या लीग आणि कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यात उट्रेख्टविरुद्ध झ्लाटान इब्राहिमोविचने गोल्डन गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल) केला.

२००२-०३ चा आयाक्स आठवला की अजून हळहळ वाटते. इब्राहिमोविच, व्हॅन डर व्हार्ट, किवू, मॅक्सवेल, पीनार आणि त्याच वर्षी पदार्पण केलेला स्नायडर, सगळी कोवळी पोरं. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मिलानशी पहिला सामना ०-०. सान सिरोवर २-२ असताना आयाक्स पुढे जात होता. जादा मिनिटांत इंझागीने पुढे ढकललेला चेंडू टोमासनने रेषेवरून आत लोटला. ३-२. मिलान पुढे जाऊन कप जिंकला. २००४ मध्ये कूमनने पुन्हा लीग जिंकली, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये ऑसेरकडून यूएफा कपमध्ये हरल्यावर राजीनामा दिला.

त्याचं आणि व्हॅन गालचं काय बिनसलं?

२००४ मध्ये व्हॅन गाल आयाक्सचा तांत्रिक संचालक म्हणून परतला. पूर्वीचा वरिष्ठ आता डोक्यावर बसून सूचना देऊ लागला. दोघंही हेकट. खटके उडाले आणि व्हॅन गालला आधी क्लब सोडावा लागला. नंतरही नशिबाने दोघांना सोडलं नाही. २००७ ची लीग कूमनने ज्या संघांच्या तोंडून काढली त्यांतल्या एकाचा, एझेड या डच क्लबचा, प्रशिक्षक व्हॅन गाल होता. २००९ मध्ये व्हॅन गालने एझेडला चॅम्पियन करून बायर्न म्युनिक गाठलं, त्याच्या खुर्चीवर कूमन आला आणि डिसेंबरमध्येच काढला गेला. २०२३ मध्ये राष्ट्रीय संघाची जागाही त्याने व्हॅन गालकडूनच घेतली.

२००७ ची लीग एका गोलाने जिंकली, ती गोष्ट सांगा.

ही गोष्ट मी कुणालाही, कितीही वेळा सांगायला तयार आहे.

बेन्फिकात एक हंगाम काढून कूमन २००६ मध्ये पीएसव्हीला आला होता. (बेन्फिकाच्या त्या हंगामात मँचेस्टर युनायटेड गटातच बाद झाला आणि त्या वेळचा युरोपविजेता लिव्हरपूल ॲनफिल्डवर ०-२ ने हरला, हे विसरू नये.) पीएसव्हीने हिवाळ्यापर्यंत लीगमध्ये मोठी आघाडी घेतली आणि वसंतात ती सगळी उधळली. २९ एप्रिल २००७ ला शेवटचा दिवस उजाडला तेव्हा एझेड, आयाक्स आणि पीएसव्ही तिघांचे ७२ गुण होते. गोलफरकात एझेड बराच पुढे, मग आयाक्स, आणि त्याच्या एक गोल मागे पीएसव्ही.

एझेडचा सामना तळाजवळच्या एक्सेल्सियरशी. गोलरक्षकाला लवकर लाल कार्ड मिळालं आणि एझेड ३-२ ने हरला. आयाक्सने विलेम टूला २-० ने हरवलं. आता पीएसव्हीला व्हिटेसविरुद्ध चार गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. ४-१ झालं तरी आयाक्सच चॅम्पियन. उत्तरार्धात फिलिप कोकूने पाचवा गोल केला. ५-१. पीएसव्हीचा गोलफरक ५०, आयाक्सचा ४९. चौतीस सामन्यांच्या हंगामाचा निकाल त्या एका गोलावर लागला.

व्हॅलेन्सियाने कप जिंकल्यावर काढून टाकलं, असं कसं?

१६ एप्रिल २००८ ला खेताफेला ३-१ ने हरवून कोपा देल रे (स्पेनचा कप) जिंकला. काही दिवसांत बिल्बाओकडून ५-१ ने हार झाली आणि २१ एप्रिलला हकालपट्टी. संघ पंधराव्या स्थानावर, पदावनतीपासून जेमतेम दोन गुण वर. डिसेंबरमध्ये त्याने कान्यिझारेस, आल्बेल्दा आणि अंगुलो या जुन्या खांबांना संघाबाहेर केलं होतं. क्लबचा तसा आग्रह असला तरी ड्रेसिंग रूम त्या दिवशीच हातची गेली. कप होता म्हणून काढणं अन्यायाचं वाटतं, पण तक्ता पाहिला की क्लबला दोष देववत नाही.

मग त्याचं सर्वोत्तम काम कुठलं?

माझं ठाम मत: फेयेनूर्ड आणि साउदॅम्प्टन.

२०११ मध्ये फेयेनूर्ड डबघाईला आला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये पीएसव्हीकडून १०-० असा पराभव झालेला, तिजोरी रिकामी, आणि नव्या हंगामाच्या तोंडावर खेळाडूंनी प्रशिक्षक मारिओ बीनवर मतदानाने अविश्वास दाखवलेला. कूमनने अकादमीतली पोरं उचलली: डे फ्राय, मार्टिन्स इंडी, क्लासी. पुढे उसनवारीवर गिडेटी, नंतर पेल्ले. लीगमध्ये दुसरा, तिसरा, दुसरा असे क्रमांक आले. २०१४ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या डच संघाच्या बचावात त्याने घडवलेली ही मुलं होती.

त्याच उन्हाळ्यात तो साउदॅम्प्टनला गेला. तिथे लालाना, लॅम्बर्ट, लोव्हरेन, शॉ, चेंबर्स सगळे विकले गेले होते. कूमनने रिकाम्या सराव मैदानाचं छायाचित्र ट्विटरवर टाकून सरावाला तयार असल्याचं लिहिलं. इंग्लिश वर्तमानपत्रांनी संघ खाली जाणार असं भाकीत केलं होतं. टाडिच, पेल्ले, माने, फोर्स्टर आले, पुढच्या वर्षी सेल्टिकमधून व्हर्जिल व्हॅन डाइक आला. संघ सातवा आला, ६० गुण. पुढच्या वर्षी सहावा, ६३ गुण. सन्डरलँडला ८-० ने हरवलं तो सामनाही याच काळातला.

मोडकळीला आलेला संघ साध्या, स्वच्छ कामांत बसवणं, तरुण खेळाडूवर विश्वास टाकणं, आणि बोलायचं ते तोंडावर बोलणं, यात कूमनचा हात धरणारे थोडे. मोठी नावं, मोठा पैसा आणि वरून राजकारण असलं की हाच रोखठोकपणा त्याच्या अंगाशी येतो. एव्हर्टनमध्ये तेच झालं: पहिल्या वर्षी सातवा, दुसऱ्या वर्षी भरपूर खर्च करून ऑक्टोबर २०१७ मध्ये अठराव्या क्रमांकावर असताना गच्छंती.

मेस्सी बार्सिलोनातून कूमनमुळे गेला का?

नाही. हा गैरसमज आपल्याकडे फार पसरला आहे, म्हणून नीट सांगतो.

ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ ने हरवलं, त्यानंतर कूमन आला. लगेचच मेस्सीने क्लब सोडायची नोटीस धाडली. त्यामागे अध्यक्ष बार्तोमेउवरचा काही वर्षांचा राग होता. करारातल्या मुदतीच्या वादामुळे तो थांबला आणि कूमनच्या हाताखाली लीगमध्ये ३० गोल मारून सर्वाधिक गोल करणारा ठरला. एप्रिल २०२१ मध्ये बिल्बाओला ४-० ने हरवून दोघांनी कोपा देल रे जिंकला. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी राहायला तयार असतानाही कर्जात बुडालेल्या क्लबला ला लीगाच्या वेतनमर्यादेत त्याची नोंदणी करता आली नाही. यात मॅनेजरचा संबंध नव्हता.

सुआरेझचं मात्र वेगळं. तो योजनेत नाही हे कूमनने त्याला फोनवर थोडक्यात सांगितलं. सुआरेझ अतलेतिको माद्रिदमध्ये गेला आणि त्याच हंगामात लीग जिंकला. निर्णय क्लबचाही होता, पण एवढ्या मोठ्या खेळाडूला ज्या पद्धतीने सांगितलं गेलं, ती पद्धत चुकली.

२०२१-२२ मध्ये मेस्सी नाही, पैसा नाही, बायर्न आणि बेन्फिकाकडून ०-३ असे पराभव, नवा अध्यक्ष लापोर्ता आधीच साशंक. २७ ऑक्टोबरला रायो व्हायेकानोकडून १-० ने हरल्यावर त्याच रात्री कूमनला काढलं. त्याच्या हाताखाली पेद्री सतराव्या वर्षी नियमित खेळू लागला, अराउहो पक्का झाला आणि गावीने पदार्पण केलं. पुढच्या बार्सिलोनाचा सांगाडा त्या वाईट दिवसांतच उभा राहिला, हे श्रेय त्याला क्वचितच दिलं जातं.

राष्ट्रीय संघाचा मॅनेजर म्हणून कसा?

दोन कारकिर्दी आहेत. पहिली फेब्रुवारी २०१८ ते ऑगस्ट २०२०. नेदरलँड्स तेव्हा २०१६ चा युरो आणि २०१८ चा विश्वचषक दोन्हींना मुकला होता. कूमनने व्हॅन डाइकला कर्णधार केलं, फ्रेंकी डे याँगला पदार्पण दिलं, आणि त्याच वर्षी नेशन्स लीगमध्ये जर्मनीला ३-० आणि विश्वविजेत्या फ्रान्सला २-० ने हरवलं. २०१९ च्या अंतिम फेरीत पोर्तुगालकडून १-० ने हार झाली. मे २०२० मध्ये छातीत दुखू लागल्याने त्याच्यावर हृदयाचे उपचार करावे लागले. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांत त्याने बार्सिलोना स्वीकारला. डच चाहत्यांना हे लागलं, पण ज्या क्लबसाठी वेम्बलीवर गोल केला त्याचं बोलावणं त्याला नाकारवलं नसेल.

दुसरी कारकीर्द जानेवारी २०२३ पासून. सुरुवातच पॅरिसमध्ये ०-४ अशा पराभवाने. २०२४ च्या युरोत मात्र गटात तिसरा राहूनही संघ उपांत्य फेरीत पोचला, २००४ नंतर प्रथमच. डॉर्टमुंडला इंग्लंडविरुद्ध शावी सिमन्सने सुरेख गोल केला, केनने वादग्रस्त पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि नव्वदाव्या मिनिटाला वॉटकिन्सने घात केला. २०२५ मध्ये नेशन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत स्पेनने शूटआउटवर हरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिथुआनियाला ४-० ने हरवून संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला.

त्याचा खेळ बघायचा तर कुठले सामने बघावेत?

वेम्बली १९९२ पूर्ण बघा, नुसता गोल नको. पहिल्या अर्ध्या तासात कूमन चेंडू मिळाल्यावर मान किती वेळा वर करतो ते बघा. मग जानेवारी १९९४ चा रेआल माद्रिदविरुद्धचा ५-० चा क्लासिको, कारण तिथे ग्वार्दिओला आणि तो एकमेकांना कसे मोकळे करतात ते स्वच्छ दिसतं. रॉटरडॅम १९९३ प्लॅटच्या प्रसंगासकट बघा. त्याच्या मर्यादाही समजून घ्यायच्या असतील तर अथेन्स १९९४ टाळू नका. साविचेविच आणि मास्सारो मागच्या मोकळ्या जागेत धावत येतात तेव्हा कूमन वळून पाठलाग करताना दिसतो. मॅनेजर म्हणून बघायचं तर मिलानविरुद्धचा २००३ चा आयाक्स, आणि वेळ असेल तर ॲनफिल्डवरचा २००६ चा बेन्फिका.